लीड पोचते, पण क्लायंटच्या सीआरएममध्ये भलत्याच खान्यात बसते: फील्ड मॅपिंगचा घोळ कसा शोधायचा

"लीड येतच नाहीयेत" अशी तक्रार आली तर एका अर्थी बरंच. लीड म्हणजे फॉर्म भरून चौकशी करणाऱ्या संभाव्य ग्राहकाची माहिती. न आलेली लीड शोधता येते. लॉगमध्ये कुठेतरी एरर असते, तासाभरात प्रकरण मिटतं. डोकेदुखी असते ती पोचलेल्या लीडची. आपल्याकडे, म्हणजे फॉर्मवरून क्लायंटपर्यंत लीड पोचवणाऱ्यांकडे, हिरवी खूण, क्लायंटच्या सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) रेकॉर्डही तयार. फक्त बजेटच्या खान्यात ५० रुपये, शहराचा खाना रिकामा, आणि आडनावाच्या जागी वडिलांचं नाव. टेलिकॉलर तसाच फोन लावतो, समोरचा माणूस वैतागतो, आणि महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये तुमच्या लीडवर 'जंक' असा शिक्का बसतो.

एकदा दुरुस्त केलं की हे संपत नाही. दोन-तीन आठवडे सुरळीत जातात, मग ये रे माझ्या मागल्या. कारण साधं आहे. फॉर्म मार्केटिंगवाल्यांच्या हातात, सीआरएम क्लायंटच्या अॅडमिनच्या हातात, आणि बदल करताना मधल्या माणसाला कळवायची पद्धत दोघांकडेही नाही. त्यामुळे मॅपिंग, म्हणजे फॉर्मचं कुठलं फील्ड (खाना) सीआरएमच्या कुठल्या फील्डला जोडायचं ते, "परत चेक करा" या मेलचा उपयोग शून्य. कुठे बघायचं हे ठरलेलं नसेल तर चेक करणारा मॅपिंगची स्क्रीन उघडतो, सगळ्या रेघा जागेवर दिसतात, आणि "आमच्या बाजूने ओके आहे" असं उत्तर जातं.

पुढचं सगळं गृहप्रकल्पांच्या लीड डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. फेसबुक-गुगलच्या फॉर्मवरून किंवा लँडिंग पेजवरून येणाऱ्या, आणि सेल्सफोर्स, हबस्पॉट, झोहो, लीडस्क्वेअर्ड यांपैकी कशात तरी जाणाऱ्या. शिक्षणसंस्था, कर्ज, विमा यांत शब्द बदलतात, दुखणं तेच.

आधी एकच लीड हातात घ्या

मॅपिंगची स्क्रीन उघडू नका. बिघडलेली एक लीड निवडा आणि तिच्या तीन अवस्था एका शीटमध्ये शेजारी शेजारी मांडा: उगमाकडून आली तशी, आपण पाठवली तशी, आणि क्लायंटच्या सिस्टिममध्ये आत्ता आहे तशी. स्क्रीनशॉट नकोत, मूळ मजकूर कॉपी करून घ्या. शब्दाच्या शेवटी चिकटलेली स्पेस स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही, आणि निम्मे घोळ तिथेच असतात.

बजेटचं उदाहरण घेऊ. फॉर्ममधून आलं '५०,००,०००'. आपण पाठवलं ५०. क्लायंटकडे दिसतंय ५०. म्हणजे क्लायंट निर्दोष. बिघाड पहिल्या आणि दुसऱ्या रकान्याच्या मध्ये, आपल्याच कोडमध्ये. जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) डावीकडून वाचायला लागतं आणि पहिला स्वल्पविराम आला की तिथेच थांबतं. एरर देत नाही, हातात ५० ठेवतं. पन्नास लाखांचे पन्नास रुपये होतात आणि कोणी हूं की चूं करत नाही. आकड्यातले स्वल्पविराम काढून मगच रूपांतर करायचं, एवढाच उपाय. 'लाख', 'एल' (लाख), 'सीआर' (कोटी) असे शब्द चिकटून येत असतील तर ते ओळखून गुणाकार करायचा. ओळखता आले नाहीत तर खाना रिकामा ठेवून मूळ मजकूर नोंदींच्या फील्डमध्ये टाकायचा. अंदाज करायचा नाही.

आता दुसरं फील्ड. उगमाकडे '२ बीएचके', आपण पाठवलं '२ बीएचके', क्लायंटकडे रिकामं. इथे बिघाड दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याच्या मध्ये आहे, आणि बहुतेकदा ड्रॉपडाउनचा आहे. त्याकडे पुढे येतोच.

तिसरा रकाना भरताना दोन गोष्टी सांभाळा. एक, रेकॉर्ड तयार झाल्यावर सेल्सच्या माणसाने किंवा क्लायंटच्याच ऑटोमेशनने फील्ड बदललेलं असू शकतं. सीआरएममध्ये फील्डचा इतिहास ठेवला जात असेल तर तो आधी मागा, नाहीतर दुसऱ्याने केलेल्या बदलाची चौकशी आपण आपल्या कोडमध्ये करत बसतो. दोन, अनेक लीड जुळवून बघताना एक्सेलच्या व्हीलूकअपवर (दोन याद्या जुळवणाऱ्या फॉर्म्युल्यावर) डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सेल्सफोर्सच्या रिपोर्टमधून येणारा आयडी १५ अक्षरांचा असतो आणि त्यात कॅपिटल व स्मॉल अक्षर वेगळं धरलं जातं. व्हीलूकअप ते एकच समजतो. मग एका लीडसमोर दुसऱ्याच लीडचा डेटा येतो, आणि जो घोळ मुळात नव्हता तो आपण शोधत बसतो. जुळवणीसाठी १८ अक्षरांचा आयडी घ्या.

लेबल एक, आतलं नाव दुसरं

प्रत्येक सीआरएममध्ये फील्डला दोन नावं असतात. स्क्रीनवर दिसणारं लेबल, जे अॅडमिनला वाटेल तेव्हा बदलतं, आणि आतलं एपीआय नाव, जे सहसा तसंच राहतं (एपीआय म्हणजे दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात तो मार्ग). सेल्सफोर्समध्ये कस्टम फील्डच्या आतल्या नावाच्या शेवटी दोन अंडरस्कोअर आणि 'सी' असतं. लीडस्क्वेअर्डमध्ये सुरुवातीला 'एमएक्स' आणि अंडरस्कोअर. क्लायंटने एक्सेलमधून पाठवलेली फील्डची यादी जवळजवळ नेहमी लेबलांची असते. ती गोड बोलून परत पाठवायची आणि आतल्या नावांची मागायची. मॅपिंग आतल्या नावावरच.

सेल्सफोर्सच्या वेब-टू-लीड (वेबसाइटवरून थेट लीड घेणाऱ्या) फॉर्ममध्ये तर कस्टम फील्डला नावच नसतं. शून्य, शून्य, एन असा सुरू होणारा आयडी असतो. सँडबॉक्समध्ये (चाचणीसाठीच्या प्रतीत) तयार केलेलं फील्ड लाइव्हवर हाताने पुन्हा बनवलं की त्याचा आयडी वेगळा येतो. मग नाव, ईमेल, फोन बिनचूक पोचतात आणि कस्टम फील्ड तेवढी कोरी राहतात. हे लक्षण दिसलं की दुसरं काही शोधू नका, फॉर्ममधले आयडी तपासा.

जुन्या सीआरएममध्ये आणखी एक गंमत असते. 'बजेट', 'बजेट रेंज', 'बजेट नवीन' अशी तीन फील्ड सुखाने नांदत असतात. "कुठल्या फील्डमध्ये टाकू?" असं विचारलंत तर आयटीवाला एक सांगेल. त्याऐवजी सेल्स मॅनेजरला विचारा की तुम्ही रोज सकाळी जो रिपोर्ट उघडता त्यात कुठला रकाना आहे. डेटा तिथे गेला नाही तर तो त्यांच्या लेखी आलाच नाही.

अनोळखी फील्ड पाठवलं तर काय होतं, हे सिस्टिमवर अवलंबून आहे. सेल्सफोर्सचा रेस्ट एपीआय आणि हबस्पॉट अख्खी रिक्वेस्टच परत पाठवतात. त्याचा राग येतो खरा, पण हे उत्तम वागणं आहे. काही सिस्टिम मात्र अनोळखी फील्ड गुपचूप गिळून बाकीचं रेकॉर्ड तयार करतात. नवीन क्लायंट जोडताना मुद्दाम एक खोटं फील्ड पाठवून बघा. समोरची सिस्टिम ओरडणारी आहे की गिळणारी, ते पहिल्याच दिवशी कळतं.

फॉर्मची कॉपी काढली की

वारंवार येणाऱ्या तक्रारींचं सगळ्यांत मोठं उगमस्थान हे. फेसबुकचा लीड फॉर्म एकदा प्रसिद्ध केला की त्यात दुरुस्ती करता येत नाही. कॉपी काढून नवा करावा लागतो. मार्केटिंगमधल्या कोणाला शुद्धलेखनाची चूक दिसते, तो फॉर्म डुप्लिकेट करतो, चूक सुधारतो, जाहिरात नव्या फॉर्मवर वळवतो. त्याच्या दृष्टीने एक अनुस्वार बदलला. आपल्या दृष्टीने फॉर्मचा आयडी बदलला, आणि प्रश्नाची 'की' (सिस्टिम प्रश्न ओळखते ते आतलं नाव) प्रश्नाच्या मजकुरावरूनच तयार होत असेल तर तीही बदलली. 'तुमचे बजेट किती' चं 'तुमचं बजेट किती' झालं की जुनं मॅपिंग हवेत लटकतं.

म्हणून प्रत्येक कस्टम प्रश्नाला फॉर्मच्या सेटिंगमध्ये स्वतःची, छोटी, मजकुराशी संबंध नसलेली की द्यायची, उदाहरणार्थ नुसतं 'बजेट'. प्रश्न कितीही वेळा नटवा, की तीच. पर्यायांची उत्तरंही बघून घ्या. पर्यायी प्रश्नाचं उत्तर स्पेसच्या जागी अंडरस्कोअर होऊन येतं, आणि ते तसंच पुढे गेलं तर क्लायंटच्या ड्रॉपडाउनला ते ओळखू येत नाही.

अनोळखी आयडीच्या फॉर्मवरून लीड आली तर ती टाकून द्यायची नाही आणि जुन्या मॅपिंगने ढकलायचीही नाही. बाजूला ठेवायची आणि लगेच माणसाला मेसेज गेला पाहिजे. उशिरा पोचलेली लीड क्लायंट एक वेळ चालवून घेतो.

फेसबुकवरून सीएसव्ही हाताने उतरवून अपलोड करणाऱ्यांसाठी: त्या फाइलमध्ये फोनच्या आधी 'पी' आणि विसर्गासारखे दोन ठिपके, लीड आयडीच्या आधी 'एल' आणि दोन ठिपके, असे उपसर्ग असतात. ते एक्सेलने आकडा समजून मोडतोड करू नये म्हणून असतात. सीआरएममध्ये घालताना काढायला विसरलात की डायलरला नंबर लागत नाही. काढलेत आणि फाइल पुन्हा एक्सेलमध्ये सेव्ह केलीत, तर एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपतो, पुढच्या अंकांची शून्यं होतात. लांब लीड आयडी एकसारखे दिसायला लागतात आणि सीआरएम त्यांना डुप्लिकेट म्हणून फेकून देतो. असे रकाने 'टेक्स्ट' करून मगच फाइल उघडायची.

ड्रॉपडाउन: डोळ्याला सारखं, मशीनला वेगळं

ड्रॉपडाउनचा नियम क्रूर आहे. अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. '५०-६० लाख' मधली रेघ फॉर्ममध्ये साधी हायफन आणि सीआरएममध्ये वर्डमधून चिकटवलेली लांब रेघ असेल, तर ते दोन वेगळे पर्याय. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस येते. ती दिसते सारखीच. मराठीत याहून मजा आहे. 'कऱ्हाड' मधला 'ऱ्हा' कीबोर्डनुसार दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही कऱ्हाडच. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी प्रक्रिया) केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, हाताने बदल लिहावा लागतो.

शहरांची नावं हा तर चालता-बोलता सापळा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये. फॉर्म नव्या नावाचा, सीआरएम जुन्या नावाचा, किंवा उलट. शिवाय माणसं स्वतः टाइप करतात तेव्हा 'संभाजीनगर', 'सी. एस. नगर', 'औ'बाद' काहीही येतं. बंगळूर-बेंगळुरू, गुडगाव-गुरुग्राम, बेळगाव-बेळगावी हेही त्याच रांगेत. यावर एकच गोष्ट टिकते: पर्यायी नावांचा तक्ता. डावीकडे येऊ शकणारी सगळी रूपं, उजवीकडे क्लायंटच्या सिस्टिमला हवं असलेलं एकच. प्रत्येक क्लायंटसाठी उजवा रकाना वेगळा, कारण अॅडमिनने यादी नवी केली की नाही यावर तो ठरतो. पिन कोड फॉर्ममध्ये घेता आला तर फारच उत्तम. शहराच्या नावाचे वाद सहा आकड्यांत मिटतात. आपला पिन शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या झिप कोडसारखा एक्सेलमध्ये पुढचा शून्य गळायचा धोकाही नाही.

जुळलं नाही तर सिस्टिम काय करते, तेही बघा. सेल्सफोर्समध्ये पिकलिस्ट (तिथला ड्रॉपडाउन) 'रिस्ट्रिक्टेड' असेल तर रेकॉर्ड नाकारलं जातं. तसं नसेल तर एपीआयवरून आलेली भलतीच व्हॅल्यू रेकॉर्डमध्ये निमूट बसते, आणि रिपोर्टमध्ये '२ बीएचके' च्या शेजारी '२बीएचके' असा दुसरा ढीग तयार होतो. मी क्लायंटला नेहमी रिस्ट्रिक्टेड करायलाच सांगतो. हबस्पॉटमध्ये ड्रॉपडाउनच्या पर्यायालाही लेबल आणि आतली व्हॅल्यू वेगळी असते. पाठवायची आतली व्हॅल्यू.

एक्सेलमधून जाणाऱ्या '१-१०' किंवा '३-५' अशा पर्यायांना विसरू नका. 'कर्मचारी संख्या १-१०' ची एक्सेल १ ऑक्टोबर करून मोकळा होतो. फॉर्ममध्येच '१ ते १०' लिहा.

मोबाइल नंबर

भारतातला मोबाइल १० आकडी, ६ ते ९ ने सुरू होणारा. एवढं साधं असूनही यात सगळ्यात जास्त लीड मरतात.

'सुरुवातीचं ९१ काढून टाका' असा एका ओळीचा नियम जिथे तिथे सापडतो. ९१ ने सुरू होणारे १० आकडी नंबर आहेत की! त्यांचे ८ आकडे उरतात. आधी लांबी मोजायची: १२ आकडे आणि सुरुवात ९१ असेल तर ९१ काढा, ११ आकडे आणि सुरुवात शून्य असेल तर शून्य काढा, १० असतील तर हात लावू नका, बाकी सगळं तपासणीला बाजूला.

परदेशातून येणाऱ्या लीड हा दुसरा खड्डा. पुण्यात किंवा कोकणात घर बघणारे न्यू जर्सीतले, दुबईतले मराठी लोक हा छोटा पण वजनदार ग्राहकवर्ग आहे. अमेरिकेतला नंबरही १० आकडीच असतो. फॉर्मने देशाचा कोड वेगळ्या फील्डमध्ये दिला आणि आपण ते मॅप केलं नाही, तर त्या १० आकड्यांपुढे सीआरएम मुकाट्याने +९१ लावतो. सुरुवात ६ ते ९ ने असेल तर तपासणीतूनही पास होतो. टेलिकॉलरचा फोन मग इथल्याच कोणा अनोळखी माणसाला लागतो, आणि त्याने नसलेल्या चौकशीबद्दल झापलं की आपल्या नावाने आणखी एक 'जंक'. देशाचा कोड आणि नंबर दोन्ही जोडून, अधिकचिन्हासकट, सलग पाठवायचं. या आंतरराष्ट्रीय पद्धतीत जास्तीत जास्त १५ आकडे बसतात. क्लायंटच्या सिस्टिमला कोड आणि नंबराच्या मध्ये रेघ हवी असेल तर ती अगदी शेवटच्या पायरीवर लावा, साठवताना नाही. मधे गुगल शीट असेल तर लक्ष ठेवा: अधिकचिन्हाने सुरू होणारा आणि मध्ये स्पेस असलेला नंबर तिथे फॉर्म्युला समजला जातो आणि खान्यात एरर दिसते.

मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून काही जण देवनागरी आकडे टाइप करतात. पायथनमध्ये 'अंक' असा पॅटर्न लावला तर तो देवनागरी अंकही धरतो. जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी. म्हणून फॉर्म आणि सर्व्हर वेगळ्या भाषांत असले तर एकाकडे नंबर पास, दुसऱ्याकडे नापास. आत येताक्षणीच सगळे अंक इंग्रजी करून टाका.

नाव

क्लायंटला फर्स्ट नेम, लास्ट नेम वेगळं हवं, फॉर्ममध्ये 'पूर्ण नाव' एकच. शेवटचा शब्द आडनाव, हा नियम 'सुरेश रामचंद्र पाटील' ला चालतो. पण शाळेच्या दाखल्यापासून आडनाव आधी लिहायची सवय असलेला माणूस 'पाटील सुरेश रामचंद्र' लिहितो, आणि क्लायंटचा स्वयंचलित मेसेज 'नमस्कार श्री. रामचंद्र' असा जातो. वडिलांच्या नावाने. कोडने हे खात्रीने ओळखता येत नाही, आडनावांची यादी लावून पाहिली तरी. फॉर्ममध्ये दोन वेगळे खाने घ्या. थोड्या लीड कमी झाल्या तरी चालतील. ते शक्य नसेल तर मेसेजमध्ये पूर्ण नावच वापरायला क्लायंटला पटवा.

एकच शब्द आला तर? सेल्सफोर्समध्ये लीडसाठी लास्ट नेम आणि कंपनी दोन्ही अनिवार्य असतात. घर घेणाऱ्याची कंपनी कुठून आणायची, हा प्रश्न ज्याला पडला नाही त्याने गृहप्रकल्पाच्या लीड पाठवलेल्याच नाहीत. एक शब्द आला तर तो लास्ट नेममध्ये टाका, फर्स्ट नेम रिकामं ठेवा. आणि कंपनीच्या खान्यात काय भरायचं ते क्लायंटकडून लेखी घ्या. टिंब, रेघ, 'एनए' असली भर घालू नका. ती एक दिवस व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये 'प्रिय एनए' म्हणून परत येते.

तारीख, वेळ आणि बिलाची भांडणं

लक्षण असं: महिन्याच्या १ ते १२ तारखेच्या लीड वर्षभरात विखुरलेल्या आणि १३ पासूनच्या नाकारलेल्या. एका बाजूला दिवस आधी, दुसऱ्या बाजूला महिना आधी. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने पाठवा, विषय संपला.

वेळेचा घोळ जास्त चिवट. उगमाकडची वेळ बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपण साडेपाच तास पुढे. रात्री १२ ते पहाटे साडेपाचमध्ये आलेली प्रत्येक लीड यूटीसीनुसार आदल्या दिवसाची. रोजच्या हिशोबात कोणी लक्ष देत नाही, पण १ एप्रिलच्या पहाटे १ वाजता आलेली लीड क्लायंटच्या रिपोर्टमध्ये ३१ मार्चची दिसते आणि दोन्ही बाजूंचे आकडे कधीच जुळत नाहीत. वेळ पाठवताना सोबत विभागाचा फरक पाठवा, आणि बिलाचा दिवस कुठल्या वेळेने मोजायचा ते करारात लिहून घ्या. हबस्पॉटच्या नुसत्या तारखेच्या फील्डला मिलिसेकंदांत वेळ देत असाल तर ती यूटीसीची मध्यरात्र लागते. आपली मध्यरात्र म्हणजे तिथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा, म्हणून रेकॉर्ड परत येतं.

संमती आणि मराठी मजकूर

वेबफॉर्मवरच्या चौकटीत टिक केली नाही तर ब्राउझर 'नाही' पाठवत नाही, काहीच पाठवत नाही. टिक केली आणि वेगळी व्हॅल्यू ठरवलेली नसेल तर 'ऑन' पाठवतो. सीआरएममध्ये त्या फील्डचं डीफॉल्ट 'होय' असेल, तर टिक न केलेला माणूसही संमती दिलेला ठरतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संमती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी असं म्हटलं आहे. काही आलं नाही म्हणजे 'नाही', हे मॅपिंगमध्ये ठणकावून लिहा, डीफॉल्टवर सोडू नका.

मराठी मजकूर बिघडला तर तो कसा बिघडलाय ते बघा. डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए' ची माळ दिसत असेल तर बाइट बहुधा शाबूत आहेत, वाचणारा चुकीच्या एन्कोडिंगने (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीने) वाचतोय. सहसा दुरुस्त होतं. नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मूळ अक्षरं गेली, उगमाकडूनच पुन्हा आणावी लागतील. आणि फील्डची मर्यादा अक्षरांत आहे की बाइटमध्ये ते विचारा. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. ४० बाइटच्या खान्यात १३ चिन्हं मावतात.

'२०० ओके' वर विसंबू नका

२०० हा समोरच्या सर्व्हरचा 'मिळालं' असा उत्तराचा कोड. म्हणजे सोसायटीच्या वॉचमनने पाकीट हातात घेतलं, इतकंच. सेल्सफोर्सचं वेब-टू-लीड लीड तयार झाली नाही तरी २०० देतं. तिथे डीबगचा पर्याय चालू करून ईमेलवर उत्तर मागवता येतं. शिवाय डीफॉल्ट मर्यादा २४ तासांत ५०० लीडची. गुढीपाडव्याची किंवा दसऱ्याची जाहिरात धरली तर ही मर्यादा किरकोळ आहे. काही एपीआय २०० देऊन आत उत्तराच्या मजकुरात एरर लिहितात. तो मजकूर वाचायलाच हवा.

म्हणून पाठवल्यावर काही मिनिटांनी तेच रेकॉर्ड आयडीने परत वाचा आणि प्रत्येक फील्ड पाठवलेल्याशी जुळवा. सगळ्या लीडचं जमत नसेल तर काही टक्क्यांचं करा. परत वाचायची परवानगी क्लायंट देत नसेल, तर रोज सकाळी ठरावीक फील्डचा एक रिपोर्ट मेलवर मागा. तोही मिळत नसेल तर मॅपिंगची जबाबदारी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा पहारा रिकाम्या खान्यांवर. प्रत्येक फॉर्मसाठी, प्रत्येक फील्ड किती टक्के रिकामं जातंय ते रोज मोजा. एरवी जवळजवळ नेहमी भरून येणारं बजेट एका दुपारी सगळीकडे कोरं जायला लागलं, तर कोणीतरी फॉर्मची कॉपी काढली आहे. क्लायंटच्या फोनच्या आधी हे कळतं. फील्डमध्ये येणाऱ्या नवीन व्हॅल्यूवरही अशीच नजर ठेवा.

टेस्ट लीडचंही बघा. गुगलच्या वेबहुकमध्ये (लीड आली की आपोआप येणाऱ्या संदेशात) टेस्ट असल्याची खूण वेगळी येते. ती न वाचता पुढे ढकलली की क्लायंटची टीम खोट्या माणसाला फोन लावत बसते.

मॅपिंगचा कागद एकच ठेवा, आणि त्यात आतलं नाव, प्रकार, लांबी, अनिवार्य आहे का, पर्यायांचा तक्ता, रिकामं आलं तर काय पाठवायचं, आणि दोन्ही बाजूंचा कोण माणूस बदल करू शकतो, हे हवं. शेवटचा रकाना बहुतेक शीटमध्ये नसतो, आणि घोळ झाला की आधी तोच शोधावा लागतो.

आधीच बिघडून गेलेल्या लीडचं काय

मॅपिंग सुधारलं की मोह होतो, सगळ्या लीड पुन्हा पाठवून द्याव्यात. तसं करू नका. क्लायंटची सिस्टिम त्यांना नवीन समजली तर डुप्लिकेट, आणि तीच समजली तर सेल्सच्या माणसाने फोनवर बोलून दुरुस्त केलेलं सगळं आपल्या जुन्या डेटाने पुसलं जाणार. वरून स्वागताचा मेसेज परत जातो आणि लीड दुसऱ्याच टेलिकॉलरच्या नावे पडते.

आपल्याकडच्या मूळ, न बदललेल्या डेटावरून फक्त बिघडलेल्या फील्डची फाइल तयार करा: क्लायंटचा रेकॉर्ड आयडी, आत्ताची चुकीची व्हॅल्यू, योग्य व्हॅल्यू. अपडेट करताना अट घाला की क्लायंटकडे अजूनही तीच चुकीची व्हॅल्यू असेल तरच बदल. माणसाने बदललेली असेल तर सोडून द्या. अॅडमिनला तेवढ्या वेळापुरतं ऑटोमेशन बंद ठेवायला सांगा, आधी दहा रेकॉर्डवर करून सेल्स मॅनेजरला दाखवा, मग बाकीची. हा मूळ डेटा जपून ठेवायची मुदतही क्लायंटशी बोलून ठरवा, कारण तो लोकांचा वैयक्तिक डेटा आहे. आणि फेसबुकवरून लीड पुन्हा उतरवायची सोय ९० दिवसांपुरतीच असते, त्यामुळे तक्रार त्यानंतर आली तर तिथून काही मिळायचं नाही.